तांबडा दिवा लागला, म्हणजे नेमके काय बिघडले?

इंटरनेटला जोडलेल्या घरगुती आणि कारखान्यांतील उपकरणांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. सर्वांचा रोख एकच आहे : उपकरणावरचे दिवे लागतात, विझतात, लुकलुकतात, त्यावरून दोष कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे? पत्रे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली असून जागेअभावी ती थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे फायबरचे इंटरनेट आहे. दिवाळीआधी घराचे रंगकाम झाले, तेव्हा रंगाऱ्यांनी भिंतीवरचा डबा काढून पुन्हा लावला. तेव्हापासून डब्यावरचा ‘लॉस’ हा तांबडा दिवा लुकलुकतो आणि ‘पॉन’चा हिरवा दिवा विझलेला असतो. वायफायचा दिवा मात्र हिरवा आहे, मोबाईलवर वायफायचे चिन्हही पूर्ण दिसते. पण काहीच उघडत नाही. तक्रार केंद्रातून दरवेळी ‘बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच सांगितले जाते. — एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोष कुठे आहे हे आपल्या पत्रात जवळजवळ लिहिलेलेच आहे, तक्रार केंद्रातील माणसाने ते नीट ऐकून घ्यायला हवे होते. डब्यावरचा प्रत्येक दिवा वाटेतल्या एकेका टप्प्यापुरतेच सांगतो. ‘पॉवर’ विजेपुरते सांगतो, ‘लॉस’ आणि ‘पॉन’ बाहेरून आलेल्या फायबरपुरते, ‘इंटरनेट’ हा कंपनीची सेवा सुरू आहे की नाही एवढ्यापुरते, आणि ‘वायफाय’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ हा डब्यातला रेडिओ चालू आहे एवढ्यापुरतेच. त्यामुळे वायफायचा हिरवा दिवा आणि मोबाईलवरचे पूर्ण चिन्ह यांवरून इंटरनेट चालू आहे असे समजता येत नाही. मोबाईल आणि डबा यांचे आपसांत ठीक चालले आहे, इतकाच त्याचा अर्थ. काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनने येणारे पाणी वाटेत कुठे अडले, तर घरातली तोटी कितीही नवी असली तरी ती कोरडीच राहणार, तसेच हे आहे. म्हणून दिवे नेहमी विजेपासून सुरुवात करून वाचावेत, आणि जो पहिला दिवा चुकीचा दिसेल तिथेच थांबून आधी त्या टप्प्याचा दोष शोधावा.

आपल्या बाबतीत हा पहिला दिवा ‘लॉस’ आहे. सर्व ठीक असताना तो विझलेला असतो; तो तांबडा लुकलुकतो म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही किंवा वाचता न येण्याइतका मंद झाला आहे. ‘पॉन’चे वागणे याच्या उलट असते. तो स्थिर हिरवा असेल तर कंपनीच्या केंद्रातील यंत्राने आपल्या डब्याला ओळखले आहे असे समजावे. तो लुकलुकत असेल आणि ‘लॉस’ विझलेला असेल, तर प्रकाश पोचतो आहे पण ओळख पटलेली नाही. डबा नवीन बदलून दिला आणि त्याचा क्रमांक केंद्रात नोंदवायचा राहिला, की नेमके असे होते. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची दुरुस्तीही वेगळी आहे. पहिल्यात माणूस घरी यावा लागतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा केंद्रात बसूनच काम होते. डबा बंद करून चालू केल्याने मात्र न पोचणारा प्रकाश पोचू लागत नाही, त्यामुळे ‘लॉस’ तांबडा असताना तो सल्ला निरुपयोगी आहे. ‘पॉन’ स्थिर हिरवा आणि फक्त ‘इंटरनेट’चा दिवा विझलेला किंवा तांबडा असेल, तेव्हा तो उपाय एकदा करून पाहण्यासारखा असतो, आणि त्याच वेळी मुदत संपून रिचार्ज करायचा राहिला नाही ना, हेही पाहावे.

रंगकामानंतर दोष आला असल्याने आधी घरातलाच भाग तपासावा. भिंतीवरच्या छोट्या पेटीतून डब्यात येणारी पातळ फायबरची दोरी, जिला कंपनीची माणसे पॅच कॉर्ड म्हणतात, ती डब्यामागे दाबली गेली आहे का, खिळ्याला गुंडाळली आहे का, किंवा कुठे काटकोनात वळली आहे का ते बघावे. तांब्याची तार वळवली तरी वीज वाहते. फायबर मात्र कडक वळले की प्रकाश त्या वळणावर बाहेर निसटतो. वळण हाताच्या मुठीएवढे सैल ठेवावे. त्यानंतर डब्यात जाणारे टोक, जे बहुतेक ठिकाणी हिरव्या रंगाचे असते, हलकेच आत दाबून ‘टक्’ असा आवाज येऊन बसते का ते पाहावे. ते उगीच उपसून काढू नये, आणि काढावेच लागले तर टोकाला बोट लावू नये. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बराच बारीक असतो. बोटाचा तेलकट ठसा किंवा भिंत घासताना उडालेल्या लांबीचा (पुट्टीचा) एक कण त्याला झाकायला पुरेसा होतो. टोकात डोळा घालून ‘लाईट येतो का’ हे बघणे तर कटाक्षाने टाळावे. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर आणि जाणारा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, तो अवरक्त (इन्फ्रारेड) असल्याने डोळ्याला दिसतच नाही. पाहून काही कळणार नाही आणि डोळ्याला विनाकारण धोका मात्र होईल. आणखी एक सूचना : हिरव्या टोकाची दोरी मिळाली नाही म्हणून दुकानातून निळ्या टोकाची आणून बसवू नये. हिरव्याचा माथा ८ अंशांच्या कोनात घासलेला असतो, निळ्याचा नसतो, आणि दोन्ही एकमेकांना जोडले की बराच प्रकाश त्या फटीतच वाया जातो.

एवढे करूनही तांबडा दिवा गेला नाही, तर त्याच कंपनीचे कनेक्शन असलेल्या शेजाऱ्यांकडे चौकशी करावी. एकच फायबर खांबावरच्या किंवा जिन्यातल्या स्प्लिटरमध्ये वाटून अनेक घरांना दिलेली असते. शेजाऱ्यांकडेही तांबडा दिवा असेल तर दोष स्प्लिटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला आहे; गणपतीच्या मिरवणुकीच्या आधी रस्त्यावरच्या तारा उचलताना किंवा खोदकामात फायबर तुटण्याचे प्रकार होतच असतात. शेजाऱ्यांचे ठीक असेल तर दोष स्प्लिटरपासून आपल्या घरापर्यंतच्या तारेत आहे. तक्रार नोंदवताना ‘नेट चालत नाही’ असे न म्हणता ‘लॉस तांबडा लुकलुकतो आहे, पॉन विझला आहे, शेजारी चालू आहे’ असे सांगावे आणि दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवावा. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाकडे प्रकाश मोजायचे यंत्र असते. त्यावर प्रकाश डीबीएम या एककात वजा आकड्यांत दिसतो; वजा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. सर्वसाधारण घरगुती फायबर जोडणीत वजा २७ डीबीएम ही डब्याला वाचता येण्याची शेवटची मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डीबीच्या घटीला प्रकाश निम्मा होतो. दुरुस्तीनंतर आकडा वजा २६ आला आणि दिवा विझला म्हणून तो माणूस निघून गेला, तर पहिल्याच पावसात तांबडा दिवा परत येण्याची शक्यता आहे; वजा २०-२२ च्या आसपास आकडा आणून द्यावा, असा आग्रह जरूर धरावा.

प्रश्न : उद्यमनगरात आमचे छोटे मशीन शॉप आहे. चार संगणक, एक प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे यंत्र एका आठ पोर्टच्या (केबल लावायच्या आठ खाचांच्या) स्विचला, म्हणजे ही सर्व यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला, जोडले आहेत. परवा सकाळपासून सगळेच ठप्प झाले. आश्चर्य असे की स्विचवरचे सर्व दिवे हिरवे आहेत आणि नेहमीपेक्षा जास्तच जोरात लुकलुकतात. सर्व हिरवे असताना बंद कसे? — एक कारखानदार

उत्तर : स्विचवरचा हिरवा दिवा तेवणे म्हणजे त्या पोर्टला पलीकडच्या उपकरणाशी जोडणी मिळाली, आणि लुकलुकणे म्हणजे त्यातून माहितीची ये-जा चालली आहे. नेहमी ही लुकलुक अनियमित असते. ज्या संगणकावर काम चालू आहे त्याचा दिवा जास्त हलतो, बाकीचे मधूनच. आपण वर्णन केल्याप्रमाणे सर्व दिवे एकाच लयीत, अतिशय वेगाने, कोणीही काम करत नसतानाही लुकलुकत असतील, तर एका केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये घुसवली गेली असण्याचा दाट संशय येतो. संध्याकाळी झाडलोट करताना टेबलाखाली लोंबणारे टोक दिसले आणि कोणीतरी ‘हे निघाले वाटते’ म्हणून रिकाम्या पोर्टमध्ये लावले, असे कारखान्यांत हमखास घडते. संगणक, प्रिंटर अधूनमधून ‘इथे कोण आहे’ अशी हाक सर्वांना घालतात, आणि स्विच अशी प्रत्येक हाक सर्व पोर्टवर पाठवतो. केबलची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये असतील तर तीच हाक एका टोकाने बाहेर पडून दुसऱ्याने परत आत येते, पुन्हा सर्वांना पाठवली जाते, आणि काही क्षणांत लाखो प्रती फिरू लागून खऱ्या कामाला वाटच उरत नाही. महागड्या स्विचमध्ये हे ओळखून पोर्ट बंद करण्याची सोय असते. बाजारातल्या साध्या आठ पोर्टच्या स्विचमध्ये ती बहुधा नसते.

उपाय सोपा आहे. केबली एकेक करून काढाव्यात आणि प्रत्येक वेळी दिव्यांकडे पाहत राहावे. ज्या केबलीनंतर बाकीचे दिवे एकदम शांत होतात, ती गुन्हेगार. तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत हाताने माग काढत जावे. ते बहुतेक त्याच स्विचमध्ये, नाहीतर त्याच स्विचला जोडलेल्या दुसऱ्या स्विचमध्ये सापडेल. दोन स्विचमध्ये दोन-दोन केबली टाकल्या तरी हाच गोंधळ होतो. पुढे केबलींच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या, तर साफसफाई करणाऱ्यांनाही दोष देण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न : इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडच्या टोकाला नवीन कॅमेरा बसवला. ऑफिसातल्या यंत्राच्या पोर्टवर त्याचा दिवा पिवळा लागतो, बाकीच्यांचा हिरवा. शिवाय रात्री हा दिवा मधूनच विझतो आणि चित्र जाते. पिवळा म्हणजे बिघाड आहे का? — एक वाचक

उत्तर : पिवळा किंवा नारिंगी म्हणजे बहुतेक यंत्रांवर जोडणी १०० मेगाबिटवर झाली, आणि हिरवा म्हणजे १००० मेगाबिटवर झाली. काही कंपन्या हे रंग उलटही वापरतात, त्यामुळे पुस्तिका एकदा पाहावी. कॅमेऱ्याला १०० मेगाबिट पुरतात, म्हणून त्यासाठी पिवळा दिवा हा दोष धरू नये. जिथे आधी हिरवा होता तिथे तो अचानक पिवळा झाला, तर मात्र केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली असण्याची शक्यता आहे. १००० साठी चारही जोड्या लागतात, १०० साठी दोनच.

मधूनच विझणारा दिवा ही खरी तक्रार आहे. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे. शेडच्या लांबीबरोबरच केबल वर चढते, खाली उतरते, वळसे घेते. हे सर्व धरून ती मर्यादेपलीकडे गेली असेल तर दिवा असाच ये-जा करतो. केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज दिली असेल तर रात्री अवरक्त दिवे लागल्यावर कॅमेऱ्याचा वीजवापर वाढतो, आणि लांब केबलीत तेवढा विजेचा दाब टिकत नाही. फक्त रात्रीच चित्र जाण्याचे कारण बहुधा हेच असावे. मध्ये स्विच बसवून अंतर तोडावे, किंवा अंतर फारच असेल तर तेवढा टप्पा फायबरने जोडावा. केबल मागांच्या मोटारींच्या वायरींबरोबर एकाच पाईपात टाकली असल्यास ती आधी वेगळी करावी.

प्रश्न : आमच्या छतावर सौर पॅनेल आहेत. नवीन राउटर आल्यापासून मोबाईलच्या ॲपवर वीजनिर्मिती शून्य दिसते आणि इन्व्हर्टरच्या खाली लावलेल्या छोट्या यंत्रावरचा एक दिवा लुकलुकतच राहतो. वीज तयार होणे बंद झाले का? — एक वाचक, नागाळा पार्क, कोल्हापूर

उत्तर : निर्मिती बंद झालेली नसावी. इन्व्हर्टरच्या पडद्यावर दुपारी किती वॅट दिसतात ते पाहावे आणि महावितरणच्या नेट मीटरवरचे (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरवरचे) आकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावेत. हे दोन्ही ॲपवर अवलंबून नाहीत. खाली लावलेले छोटे यंत्र फक्त इन्व्हर्टरची माहिती वायफायवरून कंपनीच्या संगणकाकडे पाठवते. त्याच्यावर बहुधा दोन किंवा तीन दिवे असतात : एक इन्व्हर्टरशी जोडणीचा, एक राउटरशी, आणि काही यंत्रांवर एक कंपनीच्या संगणकाशी. पहिला ठीक आणि दुसरा लुकलुकतो आहे, म्हणजे ते अजून जुन्या राउटरचे नाव आणि पासवर्ड शोधत बसले आहे. नवीन राउटरला जुनेच नाव व पासवर्ड दिला तर ते आपोआप जोडले जाईल. तरीही जोडले गेले नाही तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय चालू आहे का ते पाहावे. अशी बहुतेक यंत्रे ५ गिगाहर्ट्झवर चालत नाहीत.

प्रश्न : गगनबावड्याच्या बाजूला आमच्या दूध संस्थेत राउटरचे सर्व दिवे दर दोन-चार मिनिटांनी एकदम विझतात आणि पुन्हा एकेक करून लागतात. लाईन गेली नसतानाही हे होते. सकाळी दूध संकलनाच्या वेळी तर फारच. राउटर बदलावा का? — सचिव, एक दूध संस्था

उत्तर : आधी अडॅप्टर बदलून पाहावा. सर्व दिवे, त्यातही ‘पॉवर’, एकदम विझून पुन्हा क्रमाने लागतात, म्हणजे डबा प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो आहे. इंटरनेटचा दोष असता तर ‘पॉवर’ तेवत राहिला असता. जुन्या अडॅप्टरमधले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग) सुकतात. अशा अडॅप्टरला मीटर लावला तर १२ व्होल्ट बरोबर दिसतात, पण जास्त करंट लागला की दाब बसतो आणि डबा बंद पडतो. संकलनाच्या वेळी वायफायवर सर्वांचे काम एकदम सुरू होते, तेव्हाच त्रास वाढतो, याचा मेळ त्याच्याशी बसतो. नवीन घेताना व्होल्ट तेवढेच असावेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त असावेत आणि पिनचे अधिक-उणे टोक जुळावे. छोटा यूपीएस लावलेला असेल तर तो काढून एक दिवस थेट चालवून बघावे, कारण त्याची बॅटरी संपत आली की दिवे हुबेहूब असेच वागतात. मागच्या बारीक छिद्रातले ‘रिसेट’ मात्र टाचणीने दाबू नये. त्याने कंपनीने भरलेले यूजर नाव व पासवर्ड पुसले जाऊन सध्याची अडचण दुप्पट होईल.

प्रश्न : मला तांबडा आणि हिरवा यांत फरक कळत नाही. घरात मीच हे सर्व बघतो. कंपनीचा माणूस फोनवर ‘कोणता रंग आहे’ असे विचारतो तेव्हा माझी पंचाईत होते. — एक वाचक, कागल

उत्तर : हा दोष ज्या जनुकामुळे येतो तो एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत तो बराच जास्त आढळतो, तेव्हा आपल्यासारखे आणखीही अनेक जण हे वाचत असतील. रंगाच्या बाबतीत डोळस माणसाचीही फसगत होतेच. यंत्रांवरील दिव्यांच्या रंगांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात तांबडा धोक्याचा, पिवळा असामान्य स्थितीचा आणि हिरवा नेहमीच्या स्थितीचा. पण राउटर बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या आवडीने निळा आणि पांढरा दिवाही लावतात. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, आणि आता बरेच डबे निळे चमकतात. त्याने दोष ओळखणे सोपे झाले आहे असे मात्र म्हणता येत नाही. शिवाय तांबडा म्हणजे बिघाड असेही नेहमी नसते. विजेच्या मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकतो तो वापर मोजताना; मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला असेल, तर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले.

आपण रंगाऐवजी जागा आणि वागणे सांगावे : ‘वरून तिसरा दिवा स्थिर आहे’, ‘चौथा सेकंदाला दोनदा लुकलुकतो’, ‘पाचवा विझला आहे’. सर्व ठीक असतानाचा एक फोटो काढून प्रत्येक दिव्याचे नाव कागदावर लिहून डब्याच्या बाजूला चिकटवावे, म्हणजे वेगळे काय आहे ते लगेच दिसेल. ‘लॉस’ आणि ‘पॉन’ वेगवेगळ्या छिद्रांत असल्याने तिथे रंगाची गरजच पडत नाही. ‘लॉस’ विझलेला हवा, ‘पॉन’ स्थिर हवा. अडचण फक्त त्या दिव्यांची येते जे एकाच छिद्रातून कधी हिरवे तर कधी तांबडे लागतात, आणि ‘इंटरनेट’चा दिवा बऱ्याच डब्यांवर तसाच असतो. त्यासाठी मोबाईलच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ सेटिंगमधले रंगदुरुस्तीचे फिल्टर चालू करून कॅमेऱ्यातून डब्याकडे पाहावे. दोन रंग पडद्यावर वेगळे दिसू लागतात. किंवा मोबाईल वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचे पान उघडावे. त्याचा पत्ता डब्याच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो, आणि तिथे जोडणी आहे की नाही हे अक्षरांत लिहिलेले मिळते.